रेघेला गाठी किती घालायच्या? (जगण्या-मरण्याचं गणित, कॉक्सच्या पुढे)

फ्लेमिंगो

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षं इथे नुसतीच वाचते. आज लिहायला बसले, कारण हे ज्यांच्याशी बोलावं ते सगळे दिवसभर ओपीडीत असतात आणि घरी नवऱ्यानं ताकीद दिलीय की तुझ्या त्या वक्ररेषा जेवताना नकोत.

परळच्या बाजूला एका हॉस्पिटलात मी संख्याशास्त्राचं काम करते. डॉक्टर पेशंट बघतात, मी त्यांच्या फायली. आमच्या एका सर्जन सरांचा पेपर जर्नलकडून परत आलाय. तोंडाच्या कॅन्सरवरच्या दोन उपचारक्रमांची तुलना होती. परीक्षकाचं म्हणणं थोडक्यात असं: तुमच्या दोन गटांच्या रेघा (किती जण अजून जिवंत आहेत ते दाखवणाऱ्या) एकमेकींना छेदून जातात, तरी तुम्ही एकच हॅझर्ड रेशो छापलाय, याला अर्थ काय? सरांनी बोलावून घेतलं. "आपला पी तर चांगला आलाय, मग याला कुठे दुखतंय?" (पी म्हणजे खरा फरक नसताना नुसत्या योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता.) मी समजावायला लागले तर म्हणाले, "ते राहू दे. मला एक आकडा दे. एकच."

ज्यांना या विषयाचा वारा लागलेला नाही त्यांच्यासाठी आधी लोकल पकडू.

सकाळची कल्याण-सीएसएमटी फास्ट. माणसं कधी उतरतात ते बघायचंय. दर स्टेशनाला मोजायचं: आत्ता डब्यात जेवढे आहेत त्यांतले इथे किती उतरले? हा हॅझर्ड. सकाळपासून एकूण किती उतरले ते नाही, जे अजून आत आहेत त्यांच्यातले किती. घाटकोपरला मेट्रोवाले उतरतात, हॅझर्ड वर. कुर्ल्याला जरा खाली. दादरला पुन्हा वर. अजून आत असलेल्यांचं प्रमाण काढत गेलं की उतरता जिना मिळतो. तो कॅप्लान-मायर, १९५८ सालचा. आता पावसानं गाडी विद्याविहारला अडकली आणि आपली मोजणी तिथेच थांबली, तर आत बसलेले कुठे उतरले असते ते माहीत नाही, पण विद्याविहारपर्यंत उतरले नव्हते एवढं नक्की. हे सेन्सॉर्ड. त्यांना हिशेबातून काढायचंही नाही आणि उतरले असं धरायचंही नाही. (गाडीतून उड्या मारून रुळांवरून चालत निघालेले असतात, त्यांचं नंतर बघू. ते महत्त्वाचे आहेत.)

१९७२ साली डेव्हिड कॉक्स यांनी यात एक अफलातून गोष्ट केली. कुठल्या स्टेशनाला किती उतरतात हे त्यांनी मांडलंच नाही. इथे कोणीतरी एक जण उतरला एवढं धरून चाला. मग तो जनरल डब्यातला असण्याची शक्यता किती आणि लगेजच्या डब्यातला असण्याची किती, एवढंच विचारा. स्टेशनांचा अख्खा हिशेब कटून जातो आणि दोन डब्यांच्या हॅझर्डचं गुणोत्तर हातात राहतं. हाच हॅझर्ड रेशो. इतक्या स्वस्तात इतकं मिळतं म्हणून पन्नास वर्षं वैद्यकीय संशोधन त्यावर चाललंय. अट एकच, ते गुणोत्तर दर स्टेशनाला तेच असलं पाहिजे. आता कधी लगेजच्या डब्यातून जाऊन बघा. ठाण्या-घाटकोपरला कोणी हलत नाही. दादरला फुलवाले, भायखळ्याला भाजीवाले, डबा साफ. जनरल डबा मात्र घाटकोपरपासूनच रिकामा व्हायला लागलेला. अख्ख्या प्रवासाचं मिळून एक गुणोत्तर काढलंत तर ते कुठल्याच स्टेशनाला खरं नसेल.

आमच्या पेशंटचं तेच झालंय. एका गटात ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात धोका वर, मग बसतो. दुसऱ्या गटात सुरुवात शांत, पण दुसऱ्या वर्षी आजार उलटायला लागतो.

म्हणून मी रॉयस्टन-परमार मॉडेल लावलं. युक्ती २००२ सालची आहे. आडव्या अक्षावर वेळेचा लॉग घ्यायचा, उभ्या अक्षावर साठत गेलेल्या धोक्याचा लॉग. जुनं वायबुल मॉडेल म्हणजे या कागदावरची एक सरळ रेघ. त्यात धोका एक तर चढतच जातो, नाही तर उतरतच जातो; घाटकोपरला चढ, कुर्ल्याला उतार, दादरला पुन्हा चढ हे त्याला जमत नाही. या दोघांनी ती सरळ रेघ काढली आणि तिच्या जागी स्प्लाइन बसवला. म्हणजे तुकड्यातुकड्यांनी जोडलेली वळणदार रेघ, जोड हाताला न लागणारे, आणि दोन्ही टोकांच्या बाहेर सरळ. आत एकही जोड ठेवला नाही तर पुन्हा वायबुलच मिळतं. म्हणजे जुनं टाकलेलं नाही, नव्याच्या पोटात आहे.

या जोडांना नॉट म्हणतात, आपल्या भाषेत गाठ. आमच्याकडे गाठ म्हटलं की सगळे पेशंटच्या मानेकडे बघतात, म्हणून मीटिंगमध्ये मी नॉटच म्हणते.

मी आत तीन गाठी घातल्या. मृत्यूच्या वेळा क्रमानं लावून २५, ५० आणि ७५ टक्क्यांवर. सर म्हणाले, "तीनच का? म्हणजे तू ठरवणार रेघ कशी दिसायची ते?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. तुम्ही काय दिलं असतंत?

---

साबुदाणावडा

लोकल समजली. विद्याविहारनंतर माझी गाडी चुकली. पण वाचतेय.

---

शुद्धलेखन_सम्राट

विषय उत्तम, पण भाषेचा किती तो चुराडा! हॅझर्डला "आपद्दर" म्हणता येईल. स्प्लाइनला "नम्यिका".

    माहितीचा_हमाल
    आणि सेन्सॉर्डला "कात्रीत सापडलेले" का?

    फ्लेमिंगो
    सम्राट, "नम्यिका" गोड आहे. पण सरांपुढे म्हटलं तर ते नाकात घालायची नळी समजतील.

---

डॉ_खवचट

मी तुमच्या त्या सरांच्या बाजूनं. मी पण सर्जन. ओपीडीत एका पेशंटला सहा मिनिटं मिळतात. त्यात वक्ररेषा कुठे काढत बसू? टाटा मेमोरियलचाच अभ्यास घ्या. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकारी, न्यू इंग्लंड जर्नल, २०१५. तोंडाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात, मानेत गाठ लागत नाहीये. तेव्हा मानेचं ऑपरेशन सुरुवातीलाच करायचं की गाठ आल्यावर? उत्तर: सुरुवातीलाच. हॅझर्ड रेशो ०.६४. अनेक ठिकाणची पद्धत बदलली त्या पेपरनं. तिथे कुठे लागल्या गाठी? (तुमच्या गाठी म्हणतोय, मानेतल्या नव्हे.)

    फ्लेमिंगो
    डॉक्टर, उदाहरण तुमचंच घेते. तुम्ही पेशंटला ०.६४ सांगता का? नाही. तुम्ही सांगता, तीन वर्षांनी शंभरातले ८० जगले, आणि थांबणाऱ्या गटात साडेसदुसष्ट. ते आकडेही त्याच पेपरात आहेत. साडेबारा टक्क्यांचा फरक, म्हणजे आठ जणांचं ऑपरेशन आधी केलं तर तीन वर्षांनी एक जण जास्त. पेशंटला हे समजतं. ०.६४ समजत नाही, आणि खरं सांगू का, वॉर्डातल्या निम्म्या डॉक्टरांनाही "मृत्यू ३६ टक्क्यांनी कमी" असंच वाटतं. ते मृत्यू नाहीत, मृत्यूचा वेग आहे.

    आता गंमत बघा. गुणोत्तर कायम असेल तर एका गटाचं प्रमाण म्हणजे दुसऱ्याच्या प्रमाणाचा तेवढा घात. ०.६७५ चा ०.६४ वा घात काढा, ०.७७८ येतो. प्रत्यक्षात ०.८००. जवळपास बसतं! तिथे कॉक्स पुरेसा होता, म्हणून कोणी तक्रार केली नाही. (थोडा फरक पडणारच. ०.६४ अख्ख्या फॉलो-अपचा आहे, ८० टक्के एका तारखेचे.) मी कॉक्सच्या विरोधात नाहीच. जिथे रेघा छेदतात तिथे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

    डॉ_खवचट
    हं. आठातला एक हे मी खरंच सांगतो. ०.६४ कॉन्फरन्समध्ये सांगतो.

---

गोदीवाला

ताई, आम्ही गणितातले नाही. पण स्प्लाइन शब्द वाचला आणि राहवलं नाही.

माझी छत्तीस वर्षं माझगावच्या बाजूला गोदीत गेली, त्यातली पहिली अकरा मोल्ड लॉफ्टमध्ये. कॉम्प्युटर यायच्या आधी जहाजाची रेघ जमिनीवर खऱ्या मापात काढायची. एवढा मोठा लाकडी फ्लोअर, काळा रंग मारलेला, वर खडूनं. ड्रॉइंगवरून मापं यायची, त्या जागी खिळे मारायचे आणि लाकडाची लांब लवचिक पट्टी त्या खिळ्यांना टेकवत वळवायची. बॅटन म्हणायचो. कागदावर काढायची छोटी पट्टी असेल तर खिळ्यांऐवजी शिशाची वजनं. त्या छोटीलाच ड्राफ्ट्समन लोक स्प्लाइन म्हणायचे.

आमचे फोरमन एक गोष्ट रोज सांगायचे. खिळे जास्त मारलेस तर पट्टी तुझं ऐकेल, जहाजाचं ऐकणार नाही. कुठे मापात चूक असेल तर पट्टी तिथे कुबड काढते. मग काय करायचं, एकेक खिळा उपटून बघायचा. उपटल्यावर पट्टी जागची हलली नाही तर तो खिळा फुकट होता. हलली तर विचार करायचा, चूक खिळ्याची की जहाजालाच तिथे वळण आहे. आणि शेवटच्या खिळ्यापलीकडे पट्टी सरळ जाते, तिला वळवणारं तिथे कोणी नसतं.

तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असंच असतं का?

    फ्लेमिंगो
    काका, असंच असतं. अगदी असंच. मला सहा महिन्यांत जे सांगता आलं नाही ते तुम्ही दहा ओळींत सांगितलंत. सोमवारी हे सरांना सांगणार.

    दादरची_चिमणी
    काका _/\_ आमच्या एम.एस्सी.च्या नोट्समध्ये फक्त समीकरण आहे. खिळे कोणी सांगितले नव्हते.

---

माहितीचा_हमाल

गोदीवाला काकांचं "खिळा उपटून बघ" याला आमच्याकडे एआयसी आणि बीआयसी म्हणतात (रेघ किती नीट बसली ते मोजून जास्तीच्या गाठींना दंड लावणारे आकडे), पण काकांची पद्धत मला जास्त आवडली. व्यवहारात करायचं असं: एक गाठ, दोन, तीन, चार, पाच, सगळी मॉडेलं चालवा आणि वाचलेल्यांच्या रेघा एकाच कागदावर काढा. तीननंतर रेघा एकमेकींवर बसायला लागतात. मग तीन की चार हा वाद घालण्यात वेळ घालवू नका. गाठींची नेमकी जागा थोडी इकडेतिकडे केली तरी वाचलेल्यांची रेघ फारशी हलत नाही. हॅझर्डची रेघ मात्र जास्त नाचते, विशेषतः टोकांना, जिथे माणसं थोडी उरतात. सरांना हा कागद दाखवा. "मी ठरवत नाही, बघा, कशीही ठरवली तरी तीच येते."

आता एक खड्डा, मी स्वतः त्यात पडलोय म्हणून. स्टाटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये "डीएफ ४" लिहिलं की आत तीन गाठी. आर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधल्या फ्लेक्ससर्व्ह पॅकेजमध्ये "के" लिहायचा असतो आणि तो आतल्या गाठींचा आकडा असतो, म्हणजे त्याच मॉडेलसाठी के बरोबर ३. मी एकीकडचा ४ दुसरीकडे ४ च ठेवला आणि दोन उत्तरं जुळत का नाहीत म्हणून ऐरोलीत रात्री दीडपर्यंत बसलो होतो. शेवटची ट्रेन गेली.

सराव करायचा असेल तर आरच्या सर्व्हायव्हल पॅकेजमध्ये जर्मन ब्रेस्ट कॅन्सर अभ्यासाचा डेटा आयता येतो. ६८६ बायका, त्यांतल्या २९९ जणींना आजार उलटला किंवा मृत्यू. चिमणी, तू यावर करून बघ.

    दादरची_चिमणी
    बघते! एक शंका. गाठी वाढवल्या तर नमुना केवढा लागतो? ६८६ पुरतात?

    माहितीचा_हमाल
    पेशंट मोजू नकोस, घटना मोज. पाच हजार पेशंट आणि चाळीस मृत्यू असतील तर तुझ्याकडे चाळीसच आहेत. गाडी भरलेली आहे, पण उतरलंच नाही कोणी.

---

विमाशास्त्री

धागा छान. मी विमा क्षेत्रात. तुमच्याकडे २००२ ची पद्धत नवी, आमच्याकडे १८२५ सालचा गॉम्पर्ट्झ अजून रोज लागतो: प्रौढ वयात मृत्यूदर वयाबरोबर चक्रवाढीनं वाढतो. आम्ही पहिल्यापासून रेघ मांडणारेच. रेघ नसेल तर प्रीमियम कसला काढणार? वैद्यकीयवाल्यांनी कॉक्सच्या नादानं बेसलाइन, म्हणजे ही मूळ धोक्याची रेघ, फेकून दिली आणि मग तीस वर्षांनी पुन्हा शोधत आले. खुद्द कॉक्स यांनी १९९४ सालच्या एका मुलाखतीत, आपण स्वतः असा प्रश्न हाती घेतला तर बहुधा वायबुलसारखं काहीतरी पॅरामेट्रिकच धरू, अशा अर्थाचं सांगितलं होतं. शिष्य कट्टर निघाले, गुरू नव्हते.

दोन सावधानतेच्या गोष्टी.

एक, काका म्हणाले तसं शेवटच्या खिळ्यापलीकडे पट्टी सरळ. तुमच्या कागदावर सरळ म्हणजे वायबुल. पाच वर्षांचा डेटा घेऊन वीस वर्षांचं भाकीत केलंत तर पुढची पंधरा वर्षं ती सरळ शेपटी बोलते, पेशंट नव्हे. महाग औषध परवडतं की नाही हे ठरवताना हीच शेपटी सगळा खेळ करते. तिथे निदान सर्वसाधारण लोकसंख्येचा मृत्यूदर आधाराला घ्या. बरा झालेला सत्तरीचा माणूस म्हातारपणानं तरी जाणारच.

दोन, घड्याळ कुठलं? निदानापासूनचा काळ की वय? कॅन्सरमध्ये निदानापासून ठीक. पण मधुमेहासारख्या लांबणाऱ्या आजारात पुष्कळदा वय हेच खरं घड्याळ असतं.

    फ्लेमिंगो
    शेपटीचं एकदम मान्य. आमच्या सरांना दहा वर्षांचा आकडा हवा होता, फॉलो-अप जेमतेम साडेचार वर्षांचा. मी नाही म्हटलं. त्या दिवशी चहा आला नाही.

---

दादरची_चिमणी

रेघा छेदण्यावर आम्हाला वर्गात "आयपास" शिकवलाय. २००९, आशियातले १२१७ पेशंट, फुप्फुसाचा कॅन्सर, जेफिटिनिबची गोळी विरुद्ध केमो. आजार न वाढता काढलेल्या काळाच्या रेघा मध्येच छेदल्या; आधी केमो वर, मग गोळी वर. एकच आकडा छापला ०.७४, गोळी बरी. पण कारण निघालं वेगळंच. ईजीएफआर म्युटेशन (गाठीतल्या एका जनुकातला बदल) असलेल्यांत ०.४८, नसलेल्यांत २.८५! म्हणजे एकाच औषधानं एका गटाला तारलं आणि दुसऱ्याला खड्ड्यात घातलं, आणि ०.७४ यांतल्या कोणाचाच नाही. मग माझा प्रश्न असा की लवचिक मॉडेल लावून छेद नीट काढला, पण कारण कळलंच नाही, तर काय उपयोग?

    फ्लेमिंगो
    चिमणी, प्रश्न पहिल्या नंबरचा. हे मीच आधी लिहायला हवं होतं. रेघा छेदल्या की पहिलं काम मॉडेल शोधायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं: डब्यात दोन वेगळ्या प्रकारची माणसं मिसळलीत का? मी विचारलं. आमच्याकडे तसं काही सापडलं नाही, खरंच ऑपरेशनच्या सुरुवातीच्या धोक्याचा प्रकार होता. मगच उपचाराचा परिणाम वेळेनुसार बदलू दिला. त्याला स्वतःच्या गाठी कमी लागतात, मी एकच दिली.

    माहितीचा_हमाल
    आणि वय, स्टेज, उपचार असं सगळंच वेळेनुसार बदलू दिलंस तर या लॉगवाल्या कागदावर एक विचित्र प्रकार होतो. उपचाराचं गुणोत्तर पेशंटच्या वयावरही अवलंबून राहायला लागतं. थेट हॅझर्डचाच लॉग घेऊन मॉडेल केलं तर हे टळतं, पण मग इंटिग्रेशन, म्हणजे रेघेखालच्या क्षेत्रफळाची बेरीज, मशीनकडून करून घ्यावं लागतं. बसा मग चहा पीत.

---

डॉ_खवचट

बरं, हरलो असं समजा. पण तुमच्या सरांना तो "एक आकडा" देणार की नाही? त्यांची मागणी चुकीची नाहीये. पेपरच्या सारांशात जागा एकाच आकड्याची असते.

    फ्लेमिंगो
    देणार. ठरावीक मुदतीपर्यंतचा सरासरी जगण्याचा काळ. वाचलेल्यांच्या रेघेखालचं क्षेत्रफळ, ३६ महिन्यांपर्यंत. दोन क्षेत्रफळांतला फरक महिन्यांत येतो: "पहिल्या तीन वर्षांत सरासरी अमुक महिने जास्त." गुणोत्तर कायम असण्याची अट नाही. मुदत मात्र आकडे बघायच्या आधी ठरवायची, नाही तर सोयीची निवडली असं होतं.

    एक कमीपणा सांगून ठेवते. रेघा छेदल्या की आधीचं नुकसान आणि नंतरचा फायदा वजा होऊन आकडा शून्याजवळ येऊ शकतो. म्हणून आकड्याशेजारी चित्र हवंच: तीन महिन्यांवर किती टक्के फरक, एक वर्षावर किती, तीन वर्षांवर किती, अनिश्चिततेच्या पट्ट्यासकट. पहिल्या महिन्याची भीती असलेल्या पेशंटला पहिला आकडा लागतो, नातवाचं लग्न बघायचंय त्याला तिसरा.

---

साबुदाणावडा

मी परत आले. मधलं सगळं दोनदा वाचलं.

माझ्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी निदान झालं. तेव्हा एका डॉक्टरांनी पाच वर्षांचा एक आकडा सांगितला होता. टक्के. तो आकडा आमच्या घरात भिंतीवर लावल्यासारखा आहे. बाबा आता बरे आहेत, रोज शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारतात. तरी आई तोच आकडा धरून बसलीय. तो आकडा आता पण तेवढाच असतो का? वेडा प्रश्न असेल तर सोडून द्या.

    फ्लेमिंगो
    अजिबात वेडा नाही. नाही, तेवढाच नसतो. तुमच्या वडिलांचं मला काही माहीत नाही आणि त्यांच्याबद्दल त्यांचे डॉक्टरच बोलू शकतात. पण हिशेबाची रीत सांगते. समजा निदानाच्या दिवशी शंभर जण होते. दोन वर्षांनी ७० राहिले, पाच वर्षांनी ५६. पहिल्या दिवशीचा आकडा ५६ टक्के. पण जो आज दोन वर्षं पार करून उभा आहे तो त्या ७० मधला आहे. त्याच्यासाठी ५६ भागिले ७०, म्हणजे ८० टक्के. गाडी ठाण्याच्या पुढे आल्यावर ठाण्याला उतरणाऱ्यांची मोजदाद कशाला? तोंडाच्या कॅन्सरमध्ये उलटण्याचा बराचसा धोका पहिल्या दोन वर्षांतच असतो, म्हणून तिथे हा फरक मोठा पडतो. प्रत्येक आजारात तसा पडतोच असं नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना असंच विचारा: "दोन वर्षं झालेल्यांचं पुढे काय दिसतं?"

    डॉ_खवचट
    विचारा जरूर. न चिडता उत्तर द्यायला हवं. मी देईन.

    साबुदाणावडा
    थँक्यू. आईला ५६ आणि ७० कागदावर काढून दाखवते.

---

गोदीवाला

ताई, ते रुळांवरून चालत जाणारे राहिले.

    फ्लेमिंगो
    काका, तुमच्या हातून काही सुटत नाही.

    आमचे कितीतरी पेशंट बिहार, यूपी, बंगालहून येतात. धर्मशाळेत नाही तर हॉस्पिटलसमोरच्या फूटपाथवर राहतात, उपचार संपला की गावी. मग येत नाहीत. गणित धरून चालतं की न येणारे आणि येणारे सारखेच. ते सारखे नसतात. कोणी बरा झाला म्हणून येत नाही, कोणाला गाडीत बसवत नाही म्हणून. म्हणून मी दोन टोकांचे हिशेब करते: न आलेले सगळे लगेच गेले असं धरून एकदा, सगळे जिवंत असं धरून एकदा. उत्तर दोन्हीकडे उलटत नसेल तर झोप लागते.

    आणि एक चूक कबूल करते. सुरुवातीला फॉलो-अपचे फोन मीही करायचे. एका पेशंटच्या घरमालकानं सांगितलं, "ते गेले." मी मृत्यू लिहिला, त्या दिवसाची तारीख टाकली. आठ महिन्यांनी ते गृहस्थ फाइल काखेत मारून ओपीडीच्या रांगेत. गेले होते ते गोरखपूरला! फाइल मागवली तर माझ्याच अक्षरात मृत्यू. तेव्हापासून आमच्या फोनच्या कागदावर पहिला प्रश्न असा छापलाय: "त्यांच्याशी बोलता येईल का?"

    माहितीचा_हमाल
    कोणतंही मॉडेल या चुकीतून सोडवणार नाही. तीन गाठी घाला नाही तर तीस.

---

फ्लेमिंगो

अपडेट. सोमवारी पाच रेघांचा कागद नेला आणि काकांचे खिळे सांगितले. सर बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "टाके घालताना पण हेच. जास्त घातले की चामडी ओढते." एवढंच. पेपर दुरुस्त करून पाठवायचा ठरलाय, चित्रासकट.

तारखा पुन्हा तपासताना एक अडलंय. रायगडकडचे एक कोळी गृहस्थ. शेवटची भेट ११ मार्च २०२०, मग लॉकडाऊन. मृत्यू झालाय हे नक्की, तारीख कुठेच नाही. मुलगी फोनवर म्हणाली, गणपतीच्या आधी गेले. कुठल्या वर्षी विचारलं तर म्हणे, "लालबागचा राजा बसला नव्हता ना, त्या वर्षी." म्हणजे २०२०, चतुर्थी २२ ऑगस्टला. मधले १६४ दिवस. कुठली तारीख टाकू?

    माहितीचा_हमाल
    कुठलीच नको. मधली तारीख तर अजिबात नको. ११ मार्चला जिवंत, २२ ऑगस्टच्या आत मृत्यू, असा पट्टाच दे. पहिल्या तारखेला वाचण्याची शक्यता वजा दुसऱ्या तारखेची. तुझ्याकडे आता अख्खी रेघ आहे, त्यामुळे ही वजाबाकी सरळ होते. साध्या कॉक्समध्ये हेच करायला नाकी नऊ आले असते. पट्टा छोटा करता आला तर उत्तम. लेकीला अजून काही आठवतं का बघ.

    गोदीवाला
    कोळी म्हणालात ना. नारळी पौर्णिमेचं विचारा.

    फ्लेमिंगो
    काका, विचारलं. त्या वर्षी नारळ त्यांनीच सोडला होता. दोघांनी धरून किनाऱ्यावर नेलं होतं. नारळी पौर्णिमा ३ ऑगस्टला होती. १६४ चे १९ दिवस झाले.